नुसता चेक पुरत नाही

नोकरीतून वर्षभराची रजा काढून एखाद्या सेवाभावी संस्थेत काम करायला जाणारी माणसं म्हणजे हौशी पर्यटक, असं मत एका विद्वान गृहस्थांनी अलीकडे व्याख्यानात मांडलं आणि सभागृहाने कडकडून टाळ्या वाजवल्या. गृहस्थांपेक्षा मला त्या टाळ्यांचा जास्त संताप आला. वाजवणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले होते. बरा पगार, घराचे हप्ते फिटत आलेले, मुलं कॉलेजात. म्हणजे ज्यांना मनात आणलं तर एक वर्ष खरोखर देता येईल, नेमकी तीच माणसं. आपण गेलो नाही यात आपलं काही चुकलं नाही, उलट तेच शहाणपणाचं होतं, असं व्यासपीठावरून कुणीतरी सांगितल्याचं समाधान त्या टाळ्यांत होतं.

गृहस्थांचं म्हणणं थोडक्यात असं. एका वर्षात समाज बदलत नाही. सेवा करायची तर बाबा आमट्यांसारखी जन्मभर करा, नाहीतर त्या वाटेला जाऊ नका. शहरातला इंजिनिअर खेड्यात जाऊन जे करतो ते तिथली बारावी झालेली मुलगी त्याच्यापेक्षा चांगलं करते. तेव्हा इंजिनिअरने आपल्या खुर्चीत बसावं, पगार मिळवावा आणि त्यातला वाटा संस्थेला पाठवावा. तेवढ्या पैशात तिथली चार माणसं कामाला लागतील. वर्षभराचे पाहुणे संस्थेला भार होतात. परत आले की भाषणं देत फिरतात, परदेशी विद्यापीठाच्या अर्जात त्या वर्षाचं भांडवल करतात. आणि हे सगळं घरचं बरं असणाऱ्यांनाच परवडतं.

यातल्या काही मुद्द्यांवर फार वेळ घालवण्याचं कारण नाही. कुणी वर्षभर आश्रमशाळेतल्या मुलांना अपूर्णांक शिकवले आणि पुढे अर्जात तसं लिहिलं, तर त्या मुलांना आलेले अपूर्णांक विसरायला होत नाहीत. भार होतो तो आठ दिवसांसाठी येऊन फोटो काढणाऱ्यांचा. वर्षभर राहणारा दुसऱ्या महिन्यात पंगतीला वाढायला उभा राहतो. घरचं बरं असणाऱ्यांनाच हे परवडतं, हे मात्र अगदी खरं आहे. म्हणूनच हे मागणं त्यांच्याकडे करायचं असतं. शेतमजुराला कुणी रजा घ्यायला सांगत नाही.

आता पैशाचा मुद्दा. हा त्यांचा हुकमी एक्का आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत पोकळ आहे. खुर्चीत बसा, पैसे पाठवा, संस्था माणसं नेमेल. ऐकायला इतकं चोख वाटतं की माणूस लगेच मान डोलावतो. पण ज्याने एखाद्या लहान संस्थेचं दप्तर कधी उघडून पाहिलं आहे, त्याला ठाऊक असतं की देणगीचा पैसा माणसाच्या पगाराकडे वळता वळत नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या एका वसतिगृहाच्या कार्यकारिणीवर मी बरीच वर्षं आहे. देणगीदार येतात, मनाने चांगले असतात, मुलांशी प्रेमाने बोलतात. कुणी पाण्याची टाकी देतं, कुणी वह्या-दप्तरं, कुणी आईच्या वर्षश्राद्धाला एक दिवसाचं गोडाधोडाचं जेवण. एकांनी संगणक पाठवले. ते जोडायला आणि मुलांना शिकवायला माणूस नव्हता, म्हणून ते कोठीच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांशेजारी खोक्यांतच राहिले आणि उंदरांनी वायरी कुरतडल्या. दुसऱ्यांनी पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवून दिलं. त्याचा फिल्टर बदलायचा खर्च कुठून करायचा, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. टाकीवर देणाऱ्याचं नाव रंगवता येतं. हिशेब लिहिणाऱ्याच्या पगारावर ते कुठे रंगवणार? पगारासाठी पैसे मागा, समोरच्याचा चेहरा बदलतो. ‘आमचा पैसा थेट मुलांपर्यंत गेला पाहिजे’ हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे! अहो, पैसा मुलांपर्यंत पोचवायला मधे एक शिकलेलं, प्रामाणिक, जागेवर राहणारं माणूस लागतं. त्या माणसाचे पैसे कुणीच देत नाही.

कायद्यानेही हीच वृत्ती उचलली आहे. 2020 साली परकीय देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली गेली. हिशेबनीस, कारकून, कार्यालयाचं भाडं हे सगळं त्या 20 टक्क्यांत बसवायचं. दुसऱ्या बाजूने कागद मात्र वाढतच गेले. देणगीदाराच्या करसवलतीसाठीची 80जीची नोंदणी पूर्वी एकदा झाली की झाली; आता ती ठरावीक वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. देणगीदारांची पॅन क्रमांकांसह यादी 31 मेच्या आत आयकर खात्याला भरायची, चुकली तर दिवसाला 200 रुपये. कंपन्यांचा सीएसआर निधी हवा तर 2021पासून सीएसआर-1 भरून वेगळी नोंदणी. विश्वस्त बदलला की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या संस्थांना याचं काही वाटत नाही, त्यांच्याकडे त्यासाठी खाती असतात. तालुक्याच्या गावी एक निवृत्त मुख्याध्यापक, एक अधीक्षक आणि दोन स्वयंपाकाच्या मावश्या एवढ्यांवर चाललेल्या संस्थेने हे कुणाकडून करून घ्यायचं? मुख्याध्यापक सत्तरी उलटलेले आहेत, पासवर्ड विसरतात, ओटीपी त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर जातो आणि मुलगा नाशिकला असतो. अशा संस्था माझ्या डोळ्यांदेखत बंद पडल्या आहेत. त्यांच्या शेवटच्या ताळेबंदात शिल्लक होती, मुलं होती, इमारत होती. कागद पुरे करणारं माणूस नव्हतं.

माणसाऐवजी पैसा घेऊन पाहण्याचा प्रयोग खुद्द महाराष्ट्र शासनाने केलेला आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरने एक वर्ष सरकारी दवाखान्यात सेवा द्यायची, असा बंधपत्राचा नियम आहे. ते वर्ष नको असेल तर 10 लाख रुपये दंड भरून सुटका करून घ्यायची सोय बराच काळ होती. गृहस्थांच्या हिशेबाने हा सौदा आदर्श म्हटला पाहिजे: डॉक्टर शहरात राहिला, तिजोरीत 10 लाख आले, त्यात गावातली माणसं नेमता आली असती. प्रत्यक्षात काय व्हायचं ते धारणी-चिखलदऱ्याकडच्या किंवा भामरागडकडच्या माणसाला विचारा. दंड तिजोरीत जायचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरच्या क्वार्टरला कुलूप राहायचं. अडलेल्या बाळंतिणीला तिजोरीतले 10 लाख काय कामाचे?

उलट बाजूची गोष्ट आमच्या त्याच वसतिगृहातली आहे. एका राष्ट्रीयीकृत बँकेतल्या अधिकारी बाई बिनपगारी रजा टाकून वर्षभर आमच्याकडे राहिल्या. त्यांनी ना भाषणं केली, ना मुलांना गाणी शिकवली. पहिले दोन महिने त्या कोठीच्या दाराशी स्टूल टाकून बसायच्या आणि स्वयंपाकाच्या मावशींना विचारायच्या, ‘आज पोरं किती? तांदूळ किती काढला? डाळ किती?’ किराणा दुकानदार वहीच्या फाटक्या पानावर पेन्सिलीने रक्कम लिहून द्यायचा. त्याच्या मागे लागून त्यांनी छापील पावत्या सुरू केल्या. अनुदान पटावरच्या हजेरीवर मिळतं. दिवाळीनंतर आईबाप कोयत्यावर निघाले की महिन्याभरात मुलं जवळजवळ दुप्पट होतात, पण हजेरीपटावर ती नावं कधी दोन, कधी तीन आठवड्यांनी चढायची. तेवढ्या दिवसांचं जेवण संस्था पदरचं घालत होती. बाईंनी हे शोधून काढलं आणि मूल पेटी घेऊन दारात आलं की नाव त्याच दिवशी लिहायचं, असा शिरस्ता घातला. मग गावातली एक मुलगी, बी.कॉम. अर्धवट सोडून घरी बसलेली, त्यांनी हाताशी धरली. रोजमेळ, व्हाउचर, बँकेचा मेळ, संगणकावरची नोंद, सगळं तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. चुकलं तर पान फाडून पुन्हा लिहायला लावलं. बाई परत बँकेत गेल्या. हिशेब आजही ती मुलगी बघते, आणि आता शेजारच्या तालुक्यातल्या दोन संस्था तिला बोलावून नेतात.

या बाईंनी रजेऐवजी आपला वर्षाचा पूर्ण पगार आम्हाला दिला असता तर? मी प्रामाणिकपणे सांगतो, आम्ही वसतिगृहाच्या पत्र्याच्या जागी स्लॅब टाकला असता. तोही हवाच होता. पण हजेरीपट तसाच राहिला असता, पावत्या तशाच फाटक्या कागदावर राहिल्या असत्या आणि ती मुलगी घरीच बसलेली असती.

‘गावातली बारावी झालेली मुलगी जास्त चांगलं काम करते’ या वाक्याच्या समर्थनार्थ गृहस्थांनी गडचिरोलीचं उदाहरण दिलं. याचा मला विशेष राग आला, कारण ते उदाहरण त्यांच्या विरुद्ध जातं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 साली गडचिरोलीत गेले. पुढे गावातल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करून त्यांनी घरच्या घरी नवजात बाळांची देखभाल सुरू केली. बाळाचं वजन कसं करायचं, श्वास कसा मोजायचा, जंतुदोष कसा ओळखायचा, इंजेक्शन कधी द्यायचं हे सगळं त्या बायका शिकल्या आणि त्या गावांतला नवजात बालमृत्यूचा दर 62 टक्क्यांनी खाली आला. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि देशातल्या आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींपर्यंत त्याची वाट जाते. काम त्या बायकांनीच केलं, यात वादच नाही. पण त्यांना शिकवलं कुणी? त्यांनी भरलेला एकेक तक्ता तपासला कुणी? शिकलेल्या माणसाने शिक्षण बरोबर नेलं तेव्हा गावातल्या बाईच्या हाताला ते आलं. डॉक्टर नागपूर-पुण्यात बसून मनिऑर्डर करत राहिले असते तर एकही आरोग्यदूत घडली नसती. आणि ज्या बंग दांपत्याचा दाखला देऊन वर्षभर येणाऱ्यांना हिणवायचं, त्यांनीच 2006 साली तरुणांसाठी ‘निर्माण’ हा उपक्रम सुरू केला. त्यातून किती तरी तरुण डॉक्टर ग्रामीण आणि आदिवासी भागात काम करायला गेले. काही वर्षभराने परतले, काही तिथेच राहिले. कोण राहील आणि कोण परतेल, हे जाण्याआधी कुणालाच सांगता येत नाही, जाणाऱ्यालासुद्धा नाही.

‘एका वर्षात काय होतं?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला खेड्यातलं वर्ष माहीत नसतं. ऊसतोडीचं गाव जूनमध्ये पाहिलं तर भरलेलं असतं. पेरणी, पोळा, गणपती. दसऱ्याच्या सुमारास मुकादम उचल वाटतो, आणि दिवाळी झाली की ट्रॅक्टर-ट्रॉलीत भांडी, शेळी, पोरं घालून जोडपी सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात निघतात. गावात म्हातारी राहतात. शाळेचा पट रिकामा होतो. थोरली मुलगी शिकत असेल तर ती शाळा सोडून जाते, कारण फडात धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. मार्च-एप्रिलमध्ये माणसं परततात तेव्हा परीक्षा तोंडावर असते आणि मुलाला मागचं काही आठवत नसतं. उचल फिटलेली असेलच असं नाही. हा सगळा फेरा बारा महिन्यांचा आहे. सहलीला आलेल्याला त्यातला एक तुकडा दिसतो आणि तो तेवढ्यावर मत ठोकून मोकळा होतो. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत सात दिवसांचं शिबिर असतं. ते चांगलंच आहे, पण त्यात रस्ता झाडून होतो, गावाचं वर्ष कळत नाही. दिवाळीनंतर गेलेलं मूल गुढीपाडव्याला कसं परत येतं हे पाहायचं असेल तर दिवाळी आणि गुढीपाडवा दोन्ही तिथे काढावे लागतात.

आता ‘जन्मभर करा नाहीतर करूच नका’ हे. हा वाद आमच्या पिढीने सत्तरच्या दशकातल्या शिबिरांत इतका घातला आहे की त्याचा उबग यावा. तेव्हा पूर्णवेळ कार्यकर्ता म्हणजे देवमाणूस आणि नोकरी करणारा म्हणजे बेगडी, अशी सरळ वाटणी होती. नोकरी लागली म्हणून गटातून नाव कमी झालेली मुलं मला आठवतात. लग्न करावं की नाही, पगार घ्यावा की मानधन, मानधन घेतलं तर ते किती घ्यावं, यावर रात्र-रात्र चर्चा चालायच्या आणि सकाळी वस्तीत जायला दोघेच उठायचे. त्या चर्चांत जे कधी बोललं गेलं नाही ते मी इथे लिहितो. अनेक पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या घरातली चूल शाळेत शिकवणाऱ्या बायकोच्या पगारावर पेटत होती. तिने महिना-दर-महिना खुर्चीत बसून कमावलं, घर सांभाळलं, सासू-सासऱ्यांचं पाहिलं, आणि त्यागाचे सत्कार नवऱ्याच्या गळ्यात पडले. त्या बायकांपैकी एकीलाही कुणी ‘आता तू वर्षभर मोकळी हो, घर आम्ही बघतो’ असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. जन्मभराच्या त्यागाचं हे वेड ज्यांनी डोक्यावर घेतलं, त्यांनी बाकीच्यांना हातभार लावण्याची वाटच बंद करून टाकली. डोंगराएवढा माणूस दाखवायचा आणि तेवढा होणार नसशील तर गप्प बस म्हणायचं, हे समाजकार्याचं रक्षण नव्हे. ती घरी बसण्याची सोय आहे.

स्वतः बाबा आमट्यांनी असं कधी म्हटलं नाही. ज्यांच्या नावाने गृहस्थ इतरांना घरी बसवतात, त्यांनीच चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला मे महिन्याच्या उन्हात तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या भरवल्या. राज्यभरातून मुलं यायची, काही दिवस बांध-बंदिस्तीचं काम करायची आणि घरी जायची. 1973 साली हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प उभा राहिला तेव्हा प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथे आयुष्य द्यायला गेले. बाबांनी त्यांच्यासारखे नसलेल्यांसाठी दार लावून घेतलं नाही. त्याच्याही मागे जायचं तर पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीत गोखल्यांसारख्या माणसाने अल्प वेतनावर शिकवण्याची जी प्रतिज्ञा केली, तिलाही ठरावीक वर्षांची मुदत होती. मुदत संपल्यावर ते बाहेर पडले आणि त्यांना कुणी हौशी म्हटलं नाही. मुदतीची सेवा ही महाराष्ट्राला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक असलेली गोष्ट आहे.

मग माझं म्हणणं काय? ते फार मोठं नाही. वर्ष द्यायचं तर जूनपासून पुढच्या मेपर्यंत पूर्ण द्यावं, मधे तुकडे करू नयेत. जाण्याआधी संस्थेला पत्र लिहून ‘तुमचं कोणतं काम अडलं आहे?’ असं विचारावं आणि ज्या कामात आपला हात बसलेला आहे तेच करावं. हिशेबनिसाने हिशेब, वकिलाने जमिनीचे आणि विश्वस्तांचे कागद, नर्सने नर्सचं काम, ओव्हरसियरने गळकं छप्पर. पहिल्या महिन्यापासून गावातलं एक माणूस शेजारी बसवावं आणि निघताना काम त्याच्या हाती देऊन निघावं. संस्थांनीही पाहुण्याला व्यासपीठावर न चढवता कोठीत, कार्यालयात, शेतात नेऊन उभं करावं. बँका, विमा कंपन्या, कारखाने यांनी अशा रजेवरच्या माणसाची जागा राखून ठेवावी आणि ते वर्ष सेवाज्येष्ठतेत धरावं. सीएसआरच्या बैठकीत टाकीवर नाव घालण्याची चर्चा करण्यापेक्षा आपल्या लेखा विभागातला एक माणूस वर्षभरासाठी मोकळा करावा. पैसे देणाऱ्यांनी पैसे द्यायचं थांबवू नये, फक्त त्यातले काही पगारासाठी आहेत असं चेकसोबतच्या पत्रात स्पष्ट लिहावं.

त्या सभागृहात टाळ्या वाजवणाऱ्यांना आणि हे वाचणाऱ्या त्यांच्या वयाच्या सगळ्यांना माझी विनंती आहे. यंदा दिवाळी झाली की गेवराई, शिरूर कासार, पाटोदा, वडवणी अशा कुठल्याही ऊसतोडीच्या तालुक्यातल्या एखाद्या हंगामी वसतिगृहात दोन दिवस राहा. हजेरीपट उघडून बघा, कोठीची वही बघा, अधीक्षकाला विचारा की सगळ्यांत जुना अडलेला कागद कोणता. आणि त्यातलं एखादं काम आपल्याला येतं असं दिसलं, तर परत आल्यावर पुढच्या जूनपासूनच्या बिनपगारी रजेचा अर्ज लिहा आणि तो साहेबांच्या टेबलावर ठेवा.